आधी दोरी काढ, मग सूर्यास्त

प्रश्न असा आला होता: ‘काका, मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. हवाईची संस्कृती आणि तिथली जुनी समुद्रयात्रा यांवर सहा चित्रांची मालिका करतेय, सहावं अडलंय. हर्ब काने यांची चित्रं बघून वेड लागलं, म्हणून हा विषय घेतला. पण माझी चित्रं ट्रॅव्हल कंपनीच्या कॅलेंडरसारखी दिसतात. सर म्हणतात, रंग जमलेत, तरी काहीतरी पोकळ आहे. काय चुकतंय? आणि मुळात आपण मराठी माणसांनी हा विषय घ्यावा का?’ सोबत तीन चित्रांचे फोटो होते.

रंगांबद्दल तुझ्या सरांचं बरोबर आहे. घोटाळा होडीत आहे. तुझ्या पहिल्या चित्रातली जोडहोडी मी बराच वेळ बघत बसलो. दोन होड्यांना जोडणारे आडवे वासे तू काढलेस, पण ते होडीला कशाने धरलेत ते कुठेच दिसत नाही. नुसते वर ठेवल्यासारखे वाटतात. शीड फुगलंय उजवीकडे आणि डोलकाठीच्या टोकाची पताका फडफडतेय डावीकडे. मागे सूर्य बुडतोय, झकास. पण ही होडी खाडीच्या तोंडापर्यंतसुद्धा जाणार नाही. होड्यांमधलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही हे जाणवतं, फक्त सांगता येत नाही. म्हणून तो ‘पोकळ’ म्हणतो.

पताकेची चूक मीही केली आहे. बत्तीस वर्षं मी गलबतं, मचवे, होड्या काढतोय. पाठ्यपुस्तकांसाठी, मासिकांसाठी, संग्रहालयांच्या भिंतींसाठी. अगदी सुरुवातीला एका संग्रहालयासाठी आठ फुटी फलक केला होता. उद्घाटनाला देवगडकडचे एक म्हातारे तांडेल आले होते. त्यांनी चष्मा लावला, फलकाला नाक टेकेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, “वारो एक, मगे बावटो उलटो कसो रे?” फलक अजून तिथेच आहे. मी त्या दालनात पाऊल टाकत नाही.

आता काने. उच्चार ‘केन’ नाही, ‘काने’ असाच. तुझ्या कॅप्शनमध्ये तेवढं दुरुस्त कर. हर्ब कावाइनुई काने यांचा जन्म १९२८ चा. वडील हवाईयन, आई विस्कॉन्सिनची, डॅनिश वंशाची. लहानपण थोडं हवाई बेटावरच्या वाइपिओ खोऱ्यात आणि हिलोत, थोडं विस्कॉन्सिनमध्ये गेलं. काही काळ नौदल, मग शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या शाळेत शिक्षण, आणि पुढे शिकागोतच जाहिरातींची चित्रं. भाज्यांच्या डब्यांवरचा तो हिरवा दांडगा, जॉली ग्रीन जायंट, त्याच्या जाहिरातींवर काम करता करता त्यांना या धंद्याचा वीट आला. पोटापाण्यासाठी चित्रं काढणाऱ्या कुणालाही हा वीट ओळखीचा असेल.

पण त्याच वर्षांत ते मिशिगन सरोवरावर कॅटमरान चालवत होते. माझ्या लेखी त्यांच्या चरित्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन सांगाड्यांची होडी वाऱ्यात कशी कलते, एक बाजू लाटेवर चढत असताना दुसरी खाली कशी जाते, जोड कुठे कुरकुरतो, हे त्यांच्या हाताला आणि पायांच्या तळव्यांना आधी कळलं, कुंचल्याला नंतर. मग पॉलिनेशियातल्या, म्हणजे हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या प्रशांत महासागरातल्या वेगवेगळ्या बेटांवरच्या होड्यांचा अभ्यास, त्यांचे आराखडे, आणि त्यांवरून चित्रं. त्यातली १४ चित्रं हवाईच्या राज्य कला प्रतिष्ठानाने विकत घेतली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काने शिकागोचा गाशा गुंडाळून हवाईत परतले.

तेव्हा विद्वानांत एक वाद चालू होता, या बेटांवर माणसं पोचली कशी याचा. तो तुला माहीत हवा, कारण कान्यांची चित्रं त्या वादातला पुरावा म्हणून उभी आहेत. नॉर्वेच्या थॉर हायरडालने १९४७ साली दक्षिण अमेरिकेतून तराफ्यावर पॉलिनेशिया गाठून दाखवलं आणि माणसं तिकडूनच वाहत आली असावीत असं मांडलं. १९५६ साली न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्पने लिहिलं की एवढे लांबचे प्रवास ठरवून, जाऊन-येऊन होणं शक्यच नव्हतं. वाट चुकलेल्या होड्या बेटांना लागल्या, इतकंच. म्हणजे या लोकांच्या पूर्वजांनी जगातला सर्वांत मोठा महासागर पार केला तो निव्वळ अपघाताने! हे खोडायचं तर होडी बांधून ती चालवून दाखवणं भाग होतं. १९७३ साली काने, मानवशास्त्रज्ञ बेन फिनी आणि समुद्रात मुरलेले टॉमी होम्स यांनी मिळून पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. होडीचा आराखडा केला चित्रकाराने.

हे जरा थांबून बघ. शेकडो वर्षांत कुणी न पाहिलेली लांब पल्ल्याची होडी कागदावर आणायची होती. नमुना शिल्लक नव्हता. कान्यांनी तर्क असा लावला: एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या बेटांवरच्या होड्यांत जी वैशिष्ट्यं समान सापडतात, ती लोक पांगण्याच्या आधीची, म्हणजे सर्वांत जुनी असली पाहिजेत. जे फक्त एका बेटावर दिसतं ते नंतरचं. आपल्याकडे एकाच ओवीची दहा गावांतली दहा रूपं जमवून मूळ ओळ शोधतात ना, तसंच. अशा समान गोष्टी वेचून त्यांनी आकार ठरवला.

त्यातून उभी राहिली होकूलेआ. लांबी सुमारे ६२ फूट, दोन सांगाडे, मध्ये फळ्यांची माची, दोन डोलकाठ्या. ८ मार्च १९७५ रोजी ओआहू बेटाच्या कुआलोआ किनाऱ्यावरून ती पाण्यात उतरली आणि तिचे पहिले कप्तान खुद्द काने होते. सांगाडे प्लायवुड, फायबरग्लास आणि रेझिनचे. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. कान्यांना जुनं साहित्य नव्हे, जुनी चाल सिद्ध करायची होती. आकार, वजन, शिडाचं क्षेत्र, वाऱ्याच्या अंगावर जाण्याची ताकद या गोष्टी जुन्या होडीसारख्या असल्या की मुद्दा सिद्ध होतो. अख्ख्या खोडांची होडी नंतर नव्वदच्या दशकात झाली, हवाईलोआ. पण तिच्यासाठी हवाईच्या जंगलात पुरेशा जाडीची निरोगी कोआची झाडंच मिळाली नाहीत. शेवटी अलास्कातल्या मूळ रहिवाशांनी स्प्रूसची दोन खोडं भेट दिली. तुझ्या मालिकेत सहावं चित्र अडलंय म्हणालीस. जंगलात झाड शोधत फिरणारी आणि रिकाम्या हाती परतणारी माणसं काढ. त्यात समुद्र नको, सूर्यास्त नको.

आता दोरीबद्दल. तुझं खरं काम इथे आहे.

हवाईच्या होडीत खिळा नाही. होडीच्या पोटात आडवा बसवलेला बाकदार लाकडी आधार असतो, त्याला ‘वए’ म्हणतात. वरून येणारा आडवा वासा म्हणजे ‘इआको’. या दोघांना दोरीचे वेढे देत, वेढ्यांवर वेढे आवळत एकजीव करायचं. जुनी दोरी नारळाच्या सोडणाच्या धाग्यांची, वेणी घातलेली. म्हणजे आपला काथ्याच. होकूलेआवर ती कृत्रिम धाग्याची आहे, आणि अशा बांधणीत सुमारे पाच मैल दोरी गेली आहे. पाच मैल! तुझ्या चित्रात पाच इंचही नाही.

का बांधायची? कारण दोन सांगाडे कधीच एका वेळी एका लाटेवर नसतात. एक वर, एक खाली, आणि मधला वासा पिळवटला जातो. खिळा किंवा बोल्ट असेल तर भोक मोठं होत जातं, लाकूड चिरतं. दोरी थोडी देते आणि परत घेते. होडी चालत असते तेव्हा ही बांधणी सारखी बोलत असते, कर्रर्र कर्रर्र. एकदा हे कळलं की चित्रातला वासा तू सरळ पट्टीने ओढूच शकणार नाहीस. त्याच्यावर ताण आहे. दोरीचे वेढे एका बाजूला घट्ट दिसतील, दुसऱ्या बाजूला किंचित सैल. कान्यांची होडी बघताना वेढ्यांवर नजर ठेव: दोरी कुठून आली, कशाखालून गेली, कुठे संपली, याचा माग लागतो. ती सजावटीची नक्षी नाही. बांधणाऱ्याला ते चित्र समोर ठेवून बांधता आलं पाहिजे अशा हिशेबाने काढलेली आहे.

शीड. खेकड्याच्या नांगीसारखं, टोक खाली आणि दोन बाजूंना दोन काठ्या. हवाईच्या शिडाची वरची कड खोल आत वळलेली असते. कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरीवरचा चित्रकार जॉन वेबर याने १७७९ च्या सुमारास हवाईची अशी जोडहोडी काढली आहे, वल्हवणाऱ्यांच्या तोंडावर भोपळ्याचे मुखवटे आहेत ते चित्र. तुझं शीड मात्र त्रिकोणी समोसा झालंय. वरची कड आत घे, आणि फुगवटा सगळीकडे सारखा दाखवू नकोस; काठ्यांजवळ कापड ताणलेलं, मध्ये पोट.

वारा आणि उजेड. हवाईतून ताहितीला, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या पॉलिनेशियन बेटाला जाताना होडी दक्षिणेकडे निघते. विषुववृत्ताच्या उत्तरेला व्यापारी वारे ईशान्येचे, दक्षिणेला आग्नेयेचे. मध्ये शांत, कोंदट पट्टा. शिवाय ताहिती हवाईच्या थोडं पूर्वेला आहे, त्यामुळे वाऱ्याच्या अंगावर जात पूर्व सांभाळावी लागते. थोडक्यात, जाताना वारा डाव्या अंगावर, येताना उजव्या. आणि जाताना सूर्यही डावीकडूनच उगवतो. म्हणजे जातानाच्या पहाटेच्या चित्रात उजेड आणि वारा एकाच बाजूने येणार, शीड उजव्या अंगाला झुकणार, मावळतीच्या वेळी उजेड शिडाच्या मागून येणार आणि शीड काळपट दिसणार. तुझ्या तिसऱ्या चित्राचं नाव ‘ताहितीकडे’ आहे आणि त्यात सगळं उलटं आहे. नाव बदलून ‘परतीची वाट’ ठेवलंस तर कदाचित निम्मं काम वाचेल!

पाण्याचा रंगही बघ. तो हिरवट फिरोजा रंग उथळ पाण्याचा, खाली पांढरी वाळू असते तिथला. खोल समुद्र गडद निळा, ढगाखाली जवळजवळ शाईसारखा. कॅलेंडरवाले सगळीकडे फिरोजा ओततात.

आकाशाकडे येऊ. काने सांगायचे की एका रात्री स्वप्नात त्यांना एक तारा वाढत, उजळत जाताना दिसला आणि जाग आल्यावर होडीचं नाव ठरलं. होकूलेआ म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा म्हणजे इंग्रजीतला आर्क्टुरस, आणि आर्क्टुरस म्हणजे आपली स्वाती. हवाई बेटाच्या जवळजवळ बरोब्बर माथ्यावरून ती जाते, म्हणून दक्षिणेकडून घरी परतणाऱ्यांना ती खूण: स्वाती डोक्यावर आली की आपण आपल्या बेटांच्या अक्षांशावर आलो. ताहितीच्या माथ्यावरून तसाच व्याध जातो. आता गंमत ऐक. मुंबईचा अक्षांश १९ अंशांच्या आसपास, हवाई बेटाच्या दक्षिण भागाचाही तोच. मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास, ढग नसतील तर, गच्चीवर उताणी पड. तुझ्या बरोबर डोक्यावर जो नारिंगी तारा असेल तो होकूलेआ. स्वातीचं पाणी शिंपल्यात पडून मोती होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तोच तारा तिकडे घराचा पत्ता आहे. तुझ्या मालिकेत मराठी माणसाचा हात कुठे दिसावा असं तुला वाटत असेल, तर मला ही जागा खरी वाटते. साडी नेसलेली हवाईयन बाई मात्र काढू नकोस, दुसऱ्या फोटोतली मला बघवली नाही.

पहिल्या सफरीची गोष्ट ठाऊक असेल, तरी दोन-तीन तपशील देतो, चित्राच्या कामाचे आहेत. १ मे १९७६ ला होकूलेआ माउई बेटावरच्या होनोलुआ उपसागरातून निघाली आणि ४ जूनला ताहितीत पापेएतेला पोचली. अंतर अडीच हजार मैलांवर, होडीवर होकायंत्रसुद्धा नाही. वाट दाखवणारे माउ पियाइलुग हवाईचे नव्हते. मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटाचे. हवाईत ही विद्या जाणणारा एकही माणूस उरला नव्हता. माउ तारे बघत, पण दिवसा आणि ढगाळ रात्री भिस्त लाटांवर. दुरून येणारी लांब लाट होडीला कोणत्या कोनात उचलते, यावरून दिशा. तुझ्या चित्रात वाटाड्या हात कपाळाला लावून क्षितिजाकडे बघतोय, सिनेमातल्यासारखा. त्याला खाली बसव. थकलेला, डोळे लाल, कमी झोपलेला माणूस. होडीवर डुक्कर, कुत्रा आणि कोंबड्याही होत्या, पूर्वज नेत तशा. माचीवर रोपं ठेवायची तर अळू, ऊस, केळ, नारळ, नीरफणस, हळद. हे सगळं पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून हवाईत आणलं. अळू तर हवाईयन माणूस आपला थोरला भाऊ मानतो. पापेएतेच्या धक्क्यावर सुमारे १७,००० माणसं जमली होती आणि पोरं इतकी चढली की होडीची मागची बाजू पाण्यात दबली. हे चित्र मी स्वतः काढायचं बरीच वर्षं घोकतोय. तू काढ.

पण सगळं गोडगोड नव्हतं. खलाशांत भांडणं झाली, माउ ताहितीतूनच निघून गेले, परतीला आधुनिक उपकरणं वापरली. १९७८ च्या मार्चमध्ये दुसऱ्या सफरीवर निघालेली होडी पहिल्याच रात्री वादळी वाऱ्यात उलटली. एडी आइकाऊ हा जीवरक्षक मदत आणायला आपल्या सर्फबोर्डवरून निघाला. बाकीचे वाचले, तो पुन्हा दिसला नाही. १९८० साली नाइनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणाने उपकरणांशिवाय ताहितीची जा-ये केली. या वर्षांची एक तरी छाया तुझ्या सहांपैकी एखाद्या चित्रात असावी असं मला वाटतं.

हा विषय आपण घ्यावा का? घे, पण उधारीची जाण ठेवून. १८९३ मध्ये हवाईची राणी पदच्युत झाली, १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन माध्यम गेलं, १९५९ मध्ये ते अमेरिकेचं राज्य झालं. त्यांच्या देवांच्या मूर्ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दारूच्या अड्ड्यांची सजावट झाल्या. ज्यांचं असं झालंय, त्यांच्या वस्तू आपण ‘छान दिसतात’ म्हणून उचलायच्या नाहीत. मूर्ती, गोंदणं, विधी यांना हात लावू नकोस. अर्थ कळायलाच आयुष्य जाईल. होडी, दोरी, वारा, तारे यांवर काम कर. हे शिकून तपासता येतं.

आणि अगदीच परकं नाही ते. आपल्या किनाऱ्यावर होडीच्या एका बाजूला तोल सांभाळायला बांधतात ती उलांडी, हवाईतली ‘आमा’ तिच्याच जातीची. मद्रासच्या मत्स्य खात्यात नोकरी केलेल्या जेम्स हॉर्नेलने १९२० मध्ये भारतातल्या होड्यांवर लिहिलं आणि पुढे मानवशास्त्रज्ञ हॅडनबरोबर ओशनियाच्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या होड्यांची तीन खंडी नोंद केली. हे नातं त्यालाही दिसलं होतं. अलीकडचं उदाहरण हवं तर आपल्या नौदलाची शिडाची नौका कौंडिण्य. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून गोव्यात, काथ्याने शिवून, केरळच्या कारागिरांच्या हातून ती बांधली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिथेही आराखडा नव्हता, फक्त चित्र. अजिंठ्याच्या त्या अनामिक चित्रकाराला कल्पना तरी असेल का, की दीड हजार वर्षांनी कुणी त्याच्या रेषेवर वजन टाकून बघणार आहे?

कान्यांचं निधन ८ मार्च २०११ ला झालं, होकूलेआ पाण्यात उतरली त्याच तारखेला. शेवटपर्यंत ते हवाई बेटावरच्या दक्षिण कोना भागात राहून काम करत होते.

तर आता असं कर. पुढचे पंधरा दिवस कॅनव्हासला हात लावायचा नाही. बाजारातून काथ्याची दोरी आण, पाव किलो पुरे. झाडूचे दोन दांडे घे, एकावर एक आडवे ठेव आणि घट्ट बांध. मग हाताने पिळून बघ. सुटेल. पुन्हा बांध. दहाव्या खेपेला सुटणार नाही, तेव्हा ती गाठ पेन्सिलीने चारी बाजूंनी काढ. त्यानंतर जवळच्या बंदरावर जा, जिथे उलांडीची होडी मिळेल तिथे, आणि कुणी तांडेलमामा मोकळे बसलेले दिसले तर त्यांना ती रेखाटनं दाखव. हसले तर राग मानू नकोस, का हसले ते विचार.

रेखाटनांचे फोटो मला पाठव. आणि पहिल्या चित्रातली पताका आजच फिरव, तेवढ्याला पंधरा दिवस लागत नाहीत.